पाच दिवसांचे प्रशिक्षण आणि दुर्गम शाळेतील एक मूल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकमेकींपासून दूर असलेल्या चाळीसेक लहान शाळा, बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन शिक्षक, एकाच खोलीत तीन-चार इयत्ता, जवळजवळ प्रत्येक शाळेत एक-दोन दिव्यांग मुले, साऱ्या भागासाठी विशेष शिक्षक एकच, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वर्षाला पाच दिवस. या पाच दिवसांत कोणते विषय घ्यावेत, असे आपण विचारले आहे आणि सोबत विषयांची कच्ची यादीही दिली आहे. ती यादी वाचून मला मी शिक्षकांना दिलेले पहिले प्रशिक्षण आठवले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

त्या प्रशिक्षणात सलग तीन दिवस अपंगत्वाचे प्रकार, त्यांची कारणे, लक्षणे आणि कायदे असा क्रम होता. शेवटच्या चाचणीत शिक्षकांना चांगले गुण मिळाले आणि मी समाधानाने परतलो. पाच महिन्यांनी त्यांपैकीच एका शाळेत गेलो, तेव्हा अल्पदृष्टी असलेली एक मुलगी शेवटच्या रांगेत बसलेली दिसली. फळ्याला लागून असलेल्या उघड्या दारातला उजेड थेट तिच्या डोळ्यांत शिरत होता आणि ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. तिच्या शिक्षकांना अल्पदृष्टीची व्याख्या विचारली असती, तर त्यांनी ती बिनचूक सांगितली असती. व्याख्येपासून त्या मुलीच्या बसण्याच्या जागेपर्यंत कसे यायचे, हे मात्र मी त्यांना शिकवलेच नव्हते. आम्ही दोघांनी मिळून तिला फळ्याच्या दुसऱ्या टोकासमोर, पहिल्या रांगेत बसवले, अक्षर दुप्पट मोठे काढले आणि फळा ओल्या फडक्याने पुसून काळा केला. तिने पहिली ओळ स्वतः वाचली. त्या दहा मिनिटांत शिक्षकांना जे कळले, ते माझ्या तीन दिवसांत कळले नव्हते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, पाच दिवस सलग घेऊ नयेत आणि प्रशिक्षणाची सुरुवात अपंगत्वाच्या प्रकारापासून न करता शिक्षकाच्या वर्गात आज बसलेल्या एका मुलापासून करावी. नुसते व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांतून वर्गात फारसे काही उतरत नाही, सरावानंतर वर्गात येऊन सोबत करणारे कोणी असेल तरच नवी पद्धत अंगवळणी पडते, हे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी शिक्षणसंशोधकांनी १९८०च्या दशकात सर्वसाधारण शिक्षकांच्या बाबतीत मांडले होते. दुर्गम भागातील एकट्या शिक्षकाला तर हे अधिकच लागू पडते, कारण शंका आली तर शेजारच्या वर्गात डोकावून विचारावे असे त्याच्याजवळ कोणी नसते. माझी विभागणी अशी असते : वर्षारंभी दोन दिवस, सहा-सात आठवड्यांनी एक दिवस, वर्षाच्या मध्याला आणखी एक दिवस. पाचव्या दिवसाविषयी शेवटी लिहितो.

पहिल्या दोन दिवसांना येण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाला एक काम द्यावे. वर्गातील ज्या मुलाविषयी त्याला अडचण वाटते, त्या एका मुलाचे तीन दिवस निरीक्षण करून जे दिसले ते एका पानावर लिहून आणायचे. अट एकच, विशेषणे वापरायची नाहीत. ‘लक्ष देत नाही’, ‘मंद आहे’, ‘हट्टी आहे’ ही वाक्ये निरीक्षणात बसत नाहीत, कारण ती शिक्षकाच्या मनातली असतात. पहिल्यांदा जवळजवळ सगळेच अशी वाक्ये घेऊन येतात, आणि पहिल्या दिवसाची पूर्ण सकाळ ती वाक्ये सोडवण्यात जाते. ती जाऊ द्यावी. एका शिक्षिकेने ‘लिहिण्याचा कंटाळा करतो’ असे लिहून आणले होते. मी विचारत गेलो आणि त्या आठवून सांगत गेल्या की, मुलगा दर शब्दाला मान वर करतो, डोके एका बाजूला कलते करतो, पाच ओळींना वीस मिनिटे घेतो, पण तोंडी विचारले तर तेच उत्तर झटकन देतो. हे सांगता सांगताच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे त्याला दिसत नसेल का हो?” यापुढे मला अल्पदृष्टीवर व्याख्यान देण्याची गरज उरली नाही.

निरीक्षणाला शिस्त हवी असेल, तर वॉशिंग्टन गटाची प्रश्नावली उपयोगी पडते. अपंगत्वाच्या आकडेवारीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये नेमलेल्या या गटाचे सहा मूळ प्रश्न पाहणे, ऐकणे, चालणे, आठवणे किंवा लक्ष एकाग्र करणे, स्वतःची निगा राखणे आणि संवाद साधणे यांविषयी आहेत. उत्तरे चारच : काहीच अडचण नाही, थोडी अडचण आहे, खूप अडचण आहे, अजिबात जमत नाही. युनिसेफसोबत मुलांसाठी तयार केलेल्या आणि २०१६ मध्ये पुढे आलेल्या प्रश्नावलीत शिकणे, मैत्री करणे, बदल स्वीकारणे, चिंता अशा बाबींची भर आहे आणि ती आईला किंवा मुलाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला विचारायची असते. या प्रश्नांत अपंगत्व हा शब्दच येत नाही, हे मला त्यांचे सर्वांत मोठे बळ वाटते. ‘तुमच्या मुलाला काही अपंगत्व आहे का?’ असे विचारले की घर मिटून जाते. ‘बोललेले ऐकू यायला त्याला अडचण पडते का?’ असे विचारले की आई बोलू लागते. मात्र हे निदान नाही, हे शिक्षकांना बजावून सांगावे लागते. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने एखाद्या मुलाला ‘स्वमग्न’ किंवा ‘मतिमंद’ ठरवले, तर ते लेबल त्या लहान गावात मुलाच्या नावापेक्षाही जास्त काळ टिकते.

पाहण्याच्या अडचणीपुरती प्राथमिक तपासणी मात्र शिक्षक स्वतः चांगली करू शकतो. चार दिशांना वळलेले इंग्रजी ई अक्षर असलेला तक्ता, त्यावर नेमून दिलेल्या अंतराची एक दोरी आणि एक डोळा झाकायला पुठ्ठा एवढे साहित्य पुरते. अक्षरओळख नसलेले मूलही हाताने दिशा दाखवू शकते. ज्यांना खालच्या ओळी दिसत नाहीत, त्यांची नावे नेत्रतपासणीसाठी पाठवायची. ‘अभ्यासात मागे’ म्हणून शिक्का बसलेल्या मुलांपैकी काहींना फक्त चष्मा हवा असतो. हे एका दुपारचे काम आहे, आणि शिक्षकाला स्वतःच्या हाताने काही साधल्याचा अनुभव देणारे असल्यामुळे मी ते मुद्दाम पहिल्याच टप्प्यात घेतो.

ऐकण्याच्या बाबतीत प्रशिक्षणातील मोठा भाग दोन गोष्टींना द्यावा. पहिली, शिक्षकाचे तोंड. फळ्यावर लिहीत असताना बोलणे, वहीने तोंड झाकणे, खिडकीला पाठ करून उभे राहणे, यामुळे चेहरा अंधारात जातो आणि ओठांच्या हालचालींवर अवलंबून असलेल्या मुलाचा धडा तिथेच तुटतो. प्रत्येक शिक्षकाने पाच मिनिटे शिकवावे आणि सहकाऱ्यांनी पाठ फिरवून बोललेली वाक्ये मोजावीत, हा सराव मी घेतो. आकडा ऐकून शिक्षक स्वतःच चकित होतो. दुसरी गोष्ट म्हणजे श्रवणयंत्र. दुर्गम भागात श्रवणयंत्रे मिळतात, पण महिन्याभरात पेटीत जातात. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. सेल संपलेला असतो, कानातला साचा मळाने बुजलेला असतो किंवा मूल वाढल्यामुळे साचा सैल होऊन यंत्र शिट्टी मारू लागते. झिंक-एअर सेलवरची पट्टी काढली की त्यात हवा शिरून तो सुरू होतो, वापरा अथवा न वापरा, म्हणून ती आधीच काढून ठेवू नये, एवढी साधी माहितीही सहसा कोणी दिलेली नसते. रोज सकाळी घेण्याची एक चाचणी कर्णबधिर मुलांच्या शिक्षणात काम केलेल्या डॅनिएल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. शिक्षकाने ओठ दिसू न देता आ, ऊ, ई, श, स, म हे सहा ध्वनी नेहमीच्या आवाजात, क्रम बदलत उच्चारायचे आणि ऐकू आला की मुलाने हात वर करायचा किंवा तोच ध्वनी म्हणून दाखवायचा. बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा सारा पल्ला या सहा ध्वनींत येतो. काल ऐकू आलेला ‘स’ आज ऐकू आला नाही, तर आधी सेल पाहायचा. मिनिटभराचे काम आहे.

ज्या मुलाला श्रवणयंत्रानेही पुरेसे ऐकू येत नाही, त्याच्याविषयी प्रशिक्षकाने प्रामाणिक राहावे. पाच दिवसांत कोणीही सांकेतिक भाषा शिकत नाही. वीस-पंचवीस खुणा शिकवून ‘आता आपण कर्णबधिर मुलाला शिकवू शकाल’ असा आभास निर्माण करणे वाईट, कारण भाषेवाचून चाललेली त्या मुलाची वर्षे त्या आभासाखाली झाकली जातात. दुर्गम गावातील कर्णबधिर मूल पुष्कळदा सहा-सात वर्षांचे होईपर्यंत कोणतीच पूर्ण भाषा शिकलेले नसते. घरात चार खुणा असतात, त्यांवर जेवणे-झोपणे भागते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात मानाग्वा येथील शाळेत कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली, आणि प्रत्येकाने घरून आणलेल्या खुणांतून पुढच्या काही वर्षांत त्यांनी स्वतःची एक नवी भाषा घडवली. भाषा शिकवणारे मोठे माणूस तिथे नव्हते, मुलांना लागली ती एकमेकांची सोबत. आपल्या आराखड्यात याचा अर्थ असा की, विखुरलेल्या गावांतील कर्णबधिर मुलांना महिन्यातून काही दिवस तरी एकत्र आणण्याची आणि सांकेतिक भाषा येणाऱ्या कर्णबधिर प्रौढ व्यक्तीला त्यांच्यासोबत मानधनावर ठेवण्याची तरतूद करावी. माझ्या मते हा खर्च शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या खर्चाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच सर्वांत आधी कापला जातो.

शारीरिक अडचणींत मी बसण्यावर भर देतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत असतील, तर त्याची सारी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि लिहिण्यासाठी हात मोकळाच होत नाही. पाठ मागे टेकलेली, गुडघे काटकोनात, तळवे कशावर तरी टेकलेले आणि मेज कोपराच्या उंचीला, एवढे जमवायला एक लाकडी खोके आणि घडी घातलेली चादर पुष्कळदा पुरते. हा भाग बोलून शिकवू नये. शिक्षकांना स्वतः उंच बाकावर पाय अधांतरी ठेवून दहा ओळी लिहायला लावावे आणि मग पायाखाली खोके देऊन पुन्हा दहा ओळी लिहून घ्याव्यात. उताराच्या बाबतीत एक प्रमाण लक्षात ठेवले तरी चालते : उंचीच्या बारा पट लांबी. तीस सेंटीमीटर उंच ओट्याला तीन मीटर साठ सेंटीमीटर उतार लागतो. दीड मीटरचा उतार बांधून छायाचित्र काढलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्यावरून चाकाची खुर्ची वर चढत नाही आणि उतरताना मुलाच्या जिवावर बेतते.

वरच्या सरावामुळे एक गैरसमज होऊ नये. शिक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना खोलीभर चालायला लावण्याचा खेळ अनेक प्रशिक्षणांत असतो, आणि पूर्वी मीही तो घेत असे. आता घेत नाही. पट्टी बांधलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत केवळ भीती आणि असहायता अनुभवाला येते. अंध व्यक्तीने वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळवलेले कौशल्य त्यात कुठेच नसते. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा खेळानंतर सहभागी व्यक्तींनी अंध लोकांच्या नोकरी करण्याच्या आणि स्वतंत्र राहण्याच्या क्षमतेला खेळात भाग न घेतलेल्यांपेक्षा कमी लेखल्याचे आढळले. त्याऐवजी एका अंध व्यक्तीला अर्धा दिवस बोलवावे. ती ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत लिहिते, कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचते आणि मधल्या वेळेत शिक्षकांच्या शंकांना उत्तरे देते, हे पाहिल्यावर शिक्षक आपल्या विद्यार्थ्याविषयी वेगळे प्रश्न विचारू लागतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चोविसाव्या कलमात दिव्यांग शिक्षकांच्या नेमणुकीचाही उल्लेख आहे, आणि त्याचे कारण अशा अर्ध्या दिवसात चांगले कळते.

आपल्या पत्रात बहुवर्ग शाळा ही अडचण म्हणून नोंदवली आहे. मला ती काहीशी सोय वाटते. एका इयत्तेचा एकच वर्ग असलेल्या शाळेत सगळ्यांनी एकाच वेळी एकच पान उघडायचे असते, त्यामुळे वेगळ्या पातळीवरचे मूल लगेच उघडे पडते. तीन इयत्ता एकत्र बसलेल्या खोलीत मुळातच तीन पातळ्या असतात, चौथी असली तर कोणाच्या लक्षात येत नाही. १९७०च्या दशकात कोलंबियातील ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठी सुरू झालेल्या ‘एस्क्वेला नुएव्हा’ पद्धतीत मुले आपापल्या गतीने स्वाध्यायपुस्तिका पूर्ण करतात, मोठी मुले लहानांना मदत करतात आणि जवळपासच्या शाळांतील शिक्षक ठरावीक काळाने एकत्र येऊन एकमेकांना शिकवतात. ती पद्धत दिव्यांग मुलांसाठी आखलेली नव्हती, पण आपल्या शिक्षकांना लागणारे सवयीचे अर्धे भांडवल तिच्यात आहे. बहुवर्ग शिक्षक जे आधीच करतो, ते त्याच्या लक्षात आणून द्यावे. त्याला नवे शिकायचे असते ते पायऱ्या लहान करणे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ‘दप्तर भर’ ही एक सूचना नसते, त्यात सात-आठ कृती असतात. त्या सुट्या करून लिहायच्या, शेवटची कृती आधी मुलाकडून करून घ्यायची, म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो, आणि मग एकेक कृती मागे सरकत जायचे. वजाबाकीसाठीही हीच रीत चालते.

अपस्मार, म्हणजे फिट येणे, हा विषय यादीत नाही, तो घालावा. झटका आला तर घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात. हातपाय दाबून धरू नयेत आणि तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर वैद्यकीय मदत हवी. दुर्गम गावात ती मदत तासाभराच्या अंतरावर असते, म्हणून वाहन कोणाचे आणि निरोप कोणी द्यायचा हे आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे.

पालकांना प्रशिक्षणात केवळ ‘जागृती’साठी बोलावण्याची पद्धत आहे. माझा अनुभव असा की, शिकवायचे काम उलट दिशेनेही चालते. मूल कशाने शांत होते, कोणत्या हाताने घास घेते, कोणता आवाज त्याला सहन होत नाही, हे आई सांगते, आणि त्यातले निम्मे शिक्षकाला ठाऊक नसते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी १९६९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने हे फार व्यवस्थित करून दाखवले. विस्तीर्ण ग्रामीण भागात विखुरलेल्या लहान मुलांना केंद्रात आणणे शक्य नव्हते, म्हणून गृहशिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जात, एखादे लहान उद्दिष्ट ठरवत, ते कसे साधायचे हे आईला करून दाखवत आणि पुढच्या आठवड्यात त्याची नोंद पाहत. मधले सहा दिवस आईच शिकवत असे. आपल्या एकट्या विशेष शिक्षकाने चाळीस शाळांतील प्रत्येक मुलाला स्वतः शिकवायचे ठरवले, तर तो वर्षभर रस्त्यावरच राहील. त्याने मुलाजवळ बसून शिक्षकाला आणि पालकाला करून दाखवावे, आणि पुढच्या भेटीत त्यांच्याकडून करून घ्यावे. दिवसाला एकच शाळा. दोन शाळा केल्या की भेटीची पाहणी होते, शिकवणे राहून जाते.

दोन भेटींच्या मध्ये फोन उपयोगी पडतो. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी थेट ऑनलाइन बैठकीचा हट्ट धरू नये. शिक्षकाने दोन मिनिटांचा संदेश ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि नेटवर्क मिळेल तेव्हा पाठवावा, उत्तरही तसेच यावे. मुलांचे व्हिडिओ मात्र पालकांच्या संमतीशिवाय काढू नयेत आणि मोठ्या गटांवर तर टाकूच नयेत.

परिणाम मोजण्यासाठी प्रशिक्षणानंतरच्या चाचणीवर मी आता विसंबत नाही. सहा आठवड्यांनी शिक्षक परत येतो, तेव्हा त्याने पहिले निरीक्षणाचे पान आणि त्याच मुलाविषयीचे नवे पान शेजारी ठेवून वाचायचे. बदल झाला नसेल तर कोणता उपाय किती दिवस करून पाहिला हे सांगायचे, आणि इतरांनी पुढचा सुचवायचा. हे पान आणखी एका कारणासाठी जपावे. दुर्गम शाळांतून शिक्षकांच्या बदल्या वारंवार होतात आणि मुलाविषयी जमलेली सगळी समज बदलीबरोबर निघून जाते. शाळा सोडताना प्रत्येक शिक्षकाने मुलाची एकपानी ओळख मागे ठेवायची, हा नियम आपल्या भागात लागू करून घेता आला तर अवश्य करावा. त्यात निदानापेक्षा ‘पहिल्या रांगेत, दारापासून दूर बसवावे, तोंडी परीक्षा घ्यावी, पाठीवर थाप मारलेली चालत नाही’ अशी वाक्ये असावीत.

राहिला पाचवा दिवस. त्याचा विषय आज ठरवू नका आणि कार्यक्रमपत्रिकेत तो रिकामाच ठेवा. विशेष शिक्षकाच्या पहिल्या फेरीत आपल्या-माझ्या यादीत नसलेले काहीतरी निघतेच. एका वर्षी पाच शाळांत रंगछटा ओळखू न शकणारी मुले सापडली होती आणि लाल-हिरव्या खडूने सोडवून घेतलेली उदाहरणे त्यांना वाचताच येत नव्हती. तो दिवस आम्ही खडूवर घालवला. वरिष्ठ कार्यालय रिकाम्या दिवसाला मंजुरी देत नसेल, तर ‘प्रकरण-चर्चा’ असे शीर्षक घालून पाठवावे, त्याला सहसा हरकत येत नाही.